परदेशातून पहिल्या डिसेंबरात घरी जाताना

पहिल्या वर्षीचं घरी जायचं तिकीट बहुतेक लोक नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी काढतात. चार-साडेचारला अंधार पडलेला असतो, फोनवर आई सहज म्हणते, "आज मंडईत मेथी काय छान आली होती," आणि फोन ठेवल्याबरोबर क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. पुढचे सगळे घोळ तिथून सुरू होतात. तिकीट ही तिसरी पायरी आहे. त्याआधी दोन कामं आहेत, दोन्ही कंटाळवाणी आहेत आणि दोन्ही टाळली तर महागात पडतात.

हा लेख शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी वर्षाच्या आत बाहेर पडलेल्यांसाठी आहे. घर महाराष्ट्रात आहे आणि हातात दोन-तीन आठवडे आहेत, असं धरून लिहिलंय.

पायरी १ : आधी परत येता येईल का ते बघा

घरी जायला भारतीय पासपोर्ट पुरतो. प्रश्न परतीचा असतो. ज्या कागदावर तुम्ही तिकडे राहताय, तोच कागद तुम्हाला पुन्हा आत घेईल असं नाही.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आपल्या आय-२० च्या (विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदाच्या) दुसऱ्या पानावर प्रवासाची सही आहे का ते पाहावं. ती साधारण वर्षभर चालते, ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर) असाल तर सहा महिनेच. अभ्यास संपवून तिथल्या तिथे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) झालेल्यांनी जास्त सावध राहावं, कारण राहण्याचा दर्जा बदलला तरी पासपोर्टवरचा शिक्का जुनाच असतो आणि नवा शिक्का देशाबाहेरच्या वकिलातीतच मिळतो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली. तेव्हा भारतातल्या वकिलातींनी त्या महिन्यातल्या अनेक मुलाखती थेट पुढच्या वर्षात ढकलल्या, आणि सुट्टीपुरते आलेले कित्येक जण इथेच अडकून पडले. शिक्का घ्यायचा असेल तर अपॉइंटमेंट आधी आणि तिकीट नंतर, आणि ऑफिसला "उशीर झाला तर काय" हे आधीच विचारून ठेवायचं. पहिल्याच हिवाळ्यात ही जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही. त्यापेक्षा आईवडिलांना तिकडे बोलवा, किंवा निवांतपणे उन्हाळ्यात या.

ब्रिटनमधली जुनी बीआरपी (निवास परवान्याची) कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, आता सगळं ई-व्हिसावर आहे. तुमच्या यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) खात्याला चालू पासपोर्ट जोडलेला आहे ना, ते बघा. मध्येच पासपोर्ट नवा केला असेल आणि खात्यात जुनाच क्रमांक राहिला असेल, तर विमान कंपनीचा माणूस मुंबईच्या काउंटरवर तुम्हाला थांबवून ठेवतो.

जर्मनीत पहिल्या वर्षी हमखास होणारी गोष्ट म्हणजे व्हिसा संपतो, कार्ड आलेलं नसतं आणि हातात फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद असतो. त्यावर कलम ८१(४) असेल तर त्यावर परत येता येतं. ८१(३) असेल तर येता येत नाही. तो कागद घेऊन विमान बदलताना प्रत्येक काउंटरवर समजावत बसावं लागतं, म्हणून शक्यतो थेट विमान घ्या. कॅनडात स्टडी परमिट म्हणजे प्रवेशाचा व्हिसा नव्हे, तो वेगळा लागतो आणि त्याची तारीख वेगळी असते. ऑस्ट्रेलियात ब्रिजिंग व्हिसा ए वर (अर्जाचा निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर बाहेर पडण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्यावा लागतो.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने असावी. आणि या सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये तर ठेवाच, घरच्या एखाद्या माणसाला व्हॉट्सॲपवरही पाठवून ठेवा.

पायरी २ : दिवस मोजा

रजेचं गणित तुमच्या ऑफिसप्रमाणे बदलेल. जर्मनीत वर्षाच्या पूर्ण रजेचा हक्क नोकरीला सहा महिने झाल्यावरच मिळतो, त्याआधी महिन्यागणिक बारावा हिस्सा. "दोन आठवडे सुट्टी आणि दोन आठवडे घरून काम" हा सगळ्यांचा आवडता बेत, पण भारतातून काम करायला मॅनेजरची तोंडी मान हलली एवढं पुरत नाही. कर, विमा, डेटा असे मुद्दे असतात, तेव्हा लेखी परवानगी घ्या. आणि खरं सांगायचं तर आईच्या घरी बसून चार वाजता मीटिंगा सुरू करणारा माणूस ना सुट्टीवर असतो ना कामावर.

दिवसांचा दुसरा हिशेब मात्र कुणी सांगत नाही. भारतीय आयकरात एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलात, तर तुम्ही त्या वर्षापुरते निवासी ठरता, आणि मग परदेशातला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. समजा नोकरीसाठी तुम्ही ३१ ऑगस्टला उडालात. एप्रिल ते ऑगस्ट मिळून १५३ दिवस इथे झालेलेच आहेत. डिसेंबरात २८ दिवस आलात तर बेरीज १८१. अजून एक दिवस थांबलात की १८२. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरूनच मोजा, म्हणजे वाद राहत नाही. सप्टेंबरअखेर गेलेल्यांचे १८३ आधीच झालेले असतात, त्यांनी दिवस कापण्यात अर्थ नाही. जून-जुलैत गेलेल्यांना भरपूर जागा आहे. अडचण होते ती ऑगस्टवाल्यांची. दुहेरी कर टाळण्याचे करार असतात, त्यामुळे सहसा दोनदा कर बसत नाही, पण कागदांचा जो ढीग होतो तो टाळता येण्यासारखा आहे. शिकायला गेलेल्यांना दुसरे निकष लागू शकतात, त्यांनी सीएला एकदा विचारावं.

पायरी ३ : आता तिकीट

सगळ्यात महाग काळ म्हणजे जाताना १५ ते २४ डिसेंबर आणि येताना नवीन वर्षाचा पहिला आठवडा. तुम्हाला पोरांच्या शाळा नसतील, तर दोन चांगले मार्ग आहेत. एक, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघून नाताळच्या आसपास परत या. दुसरा मला जास्त आवडतो: जानेवारीच्या ५-६ तारखेनंतर निघा. भाडं उतरलेलं असतं, हुरडा ऐन भरात असतो, भोगी-संक्रांत मिळते आणि लग्नांची धावपळही बरीच ओसरलेली असते.

तिकीट एकाच बुकिंगवर काढा. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडली, तर मधल्या विमानतळावर सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि तिथला व्हिसा नसेल तर तिथेच अडकायला होतं. दिल्लीमार्गे येणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतलं पहाटेचं धुकं लक्षात ठेवा. पुढच्या विमानासाठी दोन तासांचं अंतर कागदावरच ठीक दिसतं. शिवाय भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच साधारणपणे इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं, सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं.

मुंबईत उतरणं हा बहुतेकांचा नाइलाज आहे, आणि बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतरच उतरतात. विदर्भातल्या मंडळींनी नागपूरची आखाती विमानं पाहावीत, तळकोकणातल्यांनी गोव्याचं मोपा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. पनवेल, पुणे, अलिबागकडच्यांनी पुढचं देशातलं विमान तिथवर मिळतंय का ते बघावं, फक्त एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मध्ये अख्खी मुंबई आहे हे विसरू नये.

पुढच्या प्रवासाची सोय तिकडूनच करा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि वर्षअखेरीला कोकण रेल्वेच्या गाड्या बघता बघता भरतात. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारशी जोडलेलं खातं लागतं, त्यामुळे हे काम घरच्या भावंडावर सोपवलेलं बरं. बाबा गाडी घेऊन विमानतळावर यायचं म्हणणारच. रात्री दोनला घाटातून सत्तरीच्या माणसाने गाडी चालवायची काहीही गरज नाही. ओळखीच्या गाडीवाल्याचा नंबर घ्या, त्याला विमानाचा क्रमांक पाठवा आणि बाबांना सांगा, दारात उभे राहा, तेवढं पुरे. २४ आणि २५ डिसेंबरला सकाळी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याला जी कोंडी होते, तिच्यात जेट लॅग घेऊन सापडू नका.

पायरी ४ : निघायच्या आधी घरी एक सविस्तर फोन

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण सुट्टी बिघडते ती इथे. तुम्ही तिकीट काढल्याचं आईला कळतं त्याच संध्याकाळी ते मावशीला, आत्याला, शेजारच्या काकूंना आणि तुमच्या शाळेतल्या बाईंना कळतं. तुम्ही उतरायच्या आधी तुमचे निम्मे दिवस वाटले गेलेले असतात. कुणाचा दोष नाही, माया आहे. पण वेळापत्रक आपल्या हातात ठेवा.

फोनवर कॅलेंडर समोर घेऊन बसा. पहिले चार दिवस आणि शेवटचे दोन दिवस रिकामे, या सहा दिवसांवर कुणाचाही हक्क नाही हे आधी ठरवा. मग विचारा: घरातलं कुठलं लग्न आहे का, मार्गशीर्षातल्या गुरुवारचं उद्यापन आहे का, कुलदेवतेला जायचंय का, कुणाचं केळवण ठरलंय का. आणि तुम्ही लग्नाच्या वयाचे असाल तर सरळ विचारा, "बघण्याचे कार्यक्रम ठरवलेत का?" उत्तर लगेच आलं नाही की समजायचं, ठरवलेत. पौषात आपल्याकडे लग्नं करत नाहीत, पण बायोडाटे पौषातही फिरतात. नको असेल तर आत्ताच नको म्हणा. समोरची मंडळी नाशिकहून यायला निघाल्यावर नाही म्हटलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

नातेवाइकांसाठी उपाय एकच: एक रविवार, एक घर, सगळ्यांना दुपारी जेवायला. पावभाजी नाहीतर मसालेभात, बाहेरून मागवा, आईला ओट्यापाशी उभं करू नका. ज्या घरात कुणी आजारी आहे किंवा गेल्या वर्षभरात कुणी गेलंय, तिथे मात्र स्वतः जायचं. बाकीच्यांनी तुम्हाला भेटायला यावं, यात आगाऊपणा काही नाही.

पायरी ५ : जाताना काय न्यायचं

चॉकलेटं. शेवटी सगळे तीच नेतात आणि तीच चालतात. भाचरांच्या वयाची यादी करून ठेवा, म्हणजे नऊ वर्षांच्या पोराच्या हाती बाळाचं खेळणं पडत नाही. म्हाताऱ्या माणसांना गरम मोजे, हलका स्वेटर, औषधं ठेवायचा आठवड्याचा डबा असलं काही आवडतं.

कस्टम्सची बाजू थोडक्यात. वापरातले कपडे-सामान आणि एक लॅपटॉप यांवर शुल्क नाही. सीलबंद नव्या फोनची किंमत मात्र शुल्कमुक्त मर्यादेत मोजली जाते, तेव्हा "येताना दोन फोन आण" म्हणणाऱ्या मित्राला हे आधी सांगा. दारू दोन लिटरपर्यंत. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्यांना सोन्याचे दागिने पुरुषांना २० ग्रॅम आणि स्त्रियांना ४० ग्रॅमपर्यंत आणता येतात; तुम्हाला अजून वर्ष झालं नसेल तर ही सवलत तुमची नव्हे. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, ती खिशातसुद्धा नको. ड्रोन नको. परदेशी चलनाच्या नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा ट्रॅव्हलर्स चेक वगैरे धरून १०,००० डॉलरच्या वर असतील तर जाहीर कराव्या लागतात.

आणि स्वतःसाठी स्वेटर न्या! तिकडच्या थंडीत राहिलेला माणूस "भारतात कसली थंडी" म्हणत टी-शर्टवर येतो. मुंबईत चालून जातं. पुण्यात, साताऱ्यात रात्री पारा दहाच्या आसपास येतो, निफाडकडे तर त्याहून बराच खाली, आणि आपल्या घरांत हीटर नसतो. खिडक्यांतून वारा येतो, सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. घरात घालायच्या सपाता न्या.

पायरी ६ : फोन, पैसे, बँक

भारतीय सिम चालू ठेवलंय का? नव्वद दिवस वापर नसला की क्रमांक बंद होऊ शकतो, आणि त्या क्रमांकावर बँक, आधार, पॅन सगळं टांगलेलं असतं. किमान मुदतीचं रिचार्ज घरच्यांना सांगून चालू ठेवा. तिकडे रोमिंग चालू ठेवलं की ओटीपी येत राहतात.

यूपीआयशिवाय आता पान हलत नाही. चहाच्या टपरीवर पाचशेची नोट दिलीत तर टपरीवाला आधी नोटेकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि म्हणतो, "राहू द्या, उद्या द्या." नवीन फोन घेतला असेल तर यूपीआय त्यावर पुन्हा नोंदवावं लागतं, ते सिमवरून एसएमएस पाठवूनच होतं आणि पहिले २४ तास रकमेवर मर्यादा असते. म्हणून उतरल्याच्या दिवशीच हे उरका, पहिल्या खरेदीच्या रांगेत नाही. परदेशी क्रमांकावरही एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं यूपीआय चालतं, पण ठराविक देशांपुरतं: २०२३ च्या सुरुवातीला सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, अमिराती आणि ब्रिटन असे दहा देश जाहीर झाले होते. जर्मनी त्यात नव्हता.

बँकेचं मुख्य काम म्हणजे जुनं बचत खातं. अनिवासी झालात की ते साधं बचत खातं म्हणून ठेवता येत नाही, एनआरओ करावं लागतं. विद्यार्थ्यांनाही हाच नियम. भारतातलं भाडं, व्याज, लाभांश एनआरओत. तिकडून पाठवायचे पैसे एनआरईत: त्यावरचं व्याज इथे करमुक्त आणि रक्कम कधीही परत नेता येते. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के दराने उद्गम कर (टीडीएस) कापला जातो, अधिभार-उपकर वेगळे, तेव्हा बघून चक्रावू नका. विवरणपत्र भरून जादा कापलेला परत मागता येतो.

शाखेत जाताना पासपोर्ट, व्हिसा किंवा निवास परवाना, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो, आणि या सगळ्याच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स न्या, जास्तीच्याच न्या. पत्त्याचा पुरावा जर्मन किंवा इतर भाषेत असेल तर इंग्रजीतलं बँक स्टेटमेंट सोबत ठेवा, नाहीतर खिडकीपलीकडचा माणूस तो कागद उलटा-सुलटा करून "साहेब आल्यावर बघू" म्हणतो. दुसरा आणि चौथा शनिवार बंद, २५ डिसेंबर बंद. म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यातल्या मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी शाखा उघडताना. काही राहिलंच तर दुसरी फेरी मारायला वेळ उरतो.

पायरी ७ : पहिले चार दिवस

हिवाळ्यात जर्मनीशी साडेचार तासांचा फरक, ब्रिटनशी साडेपाच, न्यूयॉर्कशी साडेदहा, कॅलिफोर्नियाशी साडेतेरा. युरोपवाल्यांना दोन दिवस पुरतात. अमेरिकेहून आलेला माणूस चार दिवस पहाटे तीनला स्वयंपाकघरात डबे उघडत फिरतो. दिवसा उन्हात बसा, गच्चीवर बसा, झोप आली तरी जेवून मगच झोपा.

पोटाला दोन दिवस द्या. वरणभात, भाकरी, पिठलं. पाणीपुरी पळून जात नाही. बाहेरचं पाणी सुरुवातीला बाटलीचंच.

पायरी ८ : आईवडिलांचं काम आधी

डॉक्टर, दातवाला, चष्मा यांच्या अपॉइंटमेंटा पहिल्या आठवड्यात घ्या. तुमच्याही आणि त्यांच्याही. तपासणीचा अहवाल यायला, डॉक्टरांना परत दाखवायला, गोळी बदलून कशी लागू पडते ते बघायला दिवस लागतात. शेवटच्या आठवड्यात केलेल्या तपासणीचा अहवाल तुम्ही विमानात असताना येतो.

फोनवर "आम्ही मजेत" म्हणणाऱ्या घरात काय चाललंय ते आता डोळ्यांनी दिसतं. गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचा. बाथरूममध्ये धरायला कडी आहे का? जिन्यातला दिवा लागतो का? बाबा रात्री गाडी चालवायचं टाळतायत का? विचारून उत्तर मिळणार नाही, त्यांच्याबरोबर दोन-तीनदा बाजारात जा. इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांची कामं याच सुट्टीत उरकून घ्या. आरोग्यविम्याची पॉलिसी, नॉमिनी, बँकेची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत ते बघून एका वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा. एक संध्याकाळ डिजिटल अरेस्टवर घालवा: पोलीस, सीबीआय, कुरियर कंपनी कुणीही व्हिडिओ कॉल करून अटक करत नाही, मुलाला परदेशात पकडलंय असा फोन आला तर आधी मुलालाच फोन लावायचा. घाबरवून सांगू नका, नाहीतर ते खरे फोनसुद्धा उचलायचं बंद करतात.

मालमत्तेसाठी कुणाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर तेही इथे असतानाच करा. परदेशातून वकिलातीमार्फत केलं तर दोन्हीकडे फेऱ्या होतात.

पायरी ९ : प्रश्न येणारच

पगार किती, खोलीचं भाडं किती, तिकडे भाज्या मिळतात का, परत कधी येणार, लग्नाचं काय. पगाराला "भागतं बघा, तिकडे खर्चही तसाच असतो" पुरतं. परत कधी येणारला खरं उत्तर तुमच्याकडेही नसतं, तेव्हा "बघू" म्हणा आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा. चर्चा लगेच तिकडे वळते.

तुमच्याकडूनही एक पथ्य हवं. तिकडचे रस्ते, तिकडची शिस्त, तिकडची हवा यांचा उल्लेख कुणी विचारल्याशिवाय करायचा नाही. पहिल्या वर्षीचे लोक यात फार वाहवत जातात, आणि मागे वळल्यावर काका काय म्हणतात ते त्यांना ऐकू येत नाही.

पायरी १० : हिवाळा वाया घालवू नका

वर्षअखेरीला गोवा, महाबळेश्वर, तारकर्ली यांचा नाद सोडा. खोल्या दुप्पट भावाने जातात. अधिवेशनाच्या काळात नागपुरातही तीच गत, संत्री मात्र तेव्हाच उत्तम असतात. डिसेंबरात पुण्यात असाल तर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची तिकिटं आधीच बघून ठेवा; १९५३ पासून चालत आलेला हा सोहळा आहे, आणि गाण्यातलं कळत नसलं तरी थंडीत भारतीय बैठकीवर शाल पांघरून बसायला काय हरकत आहे? रायगडात नातेवाईक असतील तर वालाच्या शेंगांची पोपटी लावायला सांगा. भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो वास दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पण एकच गोष्ट करायची असेल तर हुरडा. हॉटेलातला, ताटात वाढून आणलेला नव्हे. शेतात आगटी पेटवलेली असते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस बाहेर आलं की ज्याला सवय आहे तो ते गरमागरम तळव्यांत धरून चोळतो, फुंकर मारून तूस उडवतो आणि हिरवट दाणे तुमच्या हातावर टाकतो. बरोबर लसणाची चटणी, दही, गूळ. दाणे निवायच्या आत खायचे. पोटभर झालं असं वाटल्यावर थांबायचं, कारण वरून पाणी प्यायलं की हुरडा फुगतो. सोलापूर, नगर, मराठवाड्याकडे कुणी ओळखीचं असेल तर लाजू नका, फोन करा. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून पुढे मिळतो, जानेवारीत सगळ्यात चांगला.

पायरी ११ : परतीची बॅग

शेवटच्या दोन रिकाम्या दिवसांचं हे काम. बॅग तोलायचा हातकाटा आधीच आणून ठेवा. एका बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलो असते, आणि आईच्या मते मेतकुटाला वजन नसतं.

देशानुसार नियम पाळा. युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये आपल्याकडून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, तूप घरीच. ताजा कढीपत्ता, मिरच्या, भाज्याही नकोत. अमेरिकेत कढीपत्त्याला आणि सामानातून नेलेल्या तांदळाला मनाई आहे, त्यामुळे आजीने निवडून दिलेला आंबेमोहोर तिथे कचऱ्यात जातो. ऑस्ट्रेलियात खाण्याची जी वस्तू असेल ती फॉर्मवर जाहीर करा. जाहीर करून काढून घेतली तर वस्तू जाते, लपवली तर दंड होतो. भारतीय विमानतळावरच अडकणारी गोष्ट म्हणजे सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. त्यात तेल असल्याने त्या सामानात चालत नाहीत. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, आमसुलं, कुरडया, सांडगे हे सुखाने जातं. पिठांच्या पिशव्यांवर इंग्रजीत नाव लिहून चिकटवा.

लोणचं न्यायचंच असेल तर बरणी गळ्यापर्यंत भरू नका. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, झाकणावरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, आणि हे सगळं कुकरच्या आत. कुकर तर बहुतेक जण नेतातच. त्याच्या पोटात बरणी नीट बसते, उरलेल्या जागेत मसाल्याच्या पुड्या कोंबायच्या, शिट्टी आणि रबर वेगळ्या पिशवीत. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

विमानतळावर डिसेंबरअखेरीला चार तास आधी पोचा. डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) आंतरराष्ट्रीय प्रवासाला चालत नाही, रांगेतच उभं राहावं लागतं. परतीच्या कागदांची फाइल हातातल्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, चेक-इनलाच मागतात.

तिकडे पोचल्यावर कामाआधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि ऑफिसात गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात पुढच्या डिसेंबरची रजा मागून टाका. नाताळची रजा लहान मुलं असलेल्या सहकाऱ्यांना आधी मिळते, उरलेली ज्याने आधी मागितली त्याला.